चौथं बिऱ्हाड

१

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा, दवाखाने, दूध संकलन केंद्रं यांचे सर्व्हर मी सांभाळते. या कामात निम्मा वेळ एकाच गोष्टीत जातो. जुनं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, नवं लिनक्सवर, आणि मशीन एकच. मग डिस्कचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात वेगळी फाईल सिस्टिम नांदवायची.

हे मला राम केसकर सरांनी शिकवलं. २००१ साली, मी अठरा वर्षांची होते तेव्हा. पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. पीठ उडून मशीनमध्ये जाऊ नये म्हणून सहाही कॉम्प्युटरांवर प्रमोदिनीकाकूंच्या जुन्या साड्या पांघरलेल्या असायच्या. वडील मला जळोचीहून लूनावर सोडायला यायचे. मागं मी, पुढं मेथीच्या जुड्यांचं गाठोडं. वर्गात शिरले की ओढणीला मेथीचा वास यायचा आणि मी खिडकीजवळची जागा धरायचे. सरांनी दुसऱ्या दिवसापासून ती जागा माझ्यासाठी राखूनच ठेवली. कारण कधी बोलून दाखवलं नाही.

फळ्यावर एक लांबट चौकोन काढून ते म्हणायचे, "फाईल सिस्टिम म्हणजे घर लावायची रीत. कुणी मीठ गॅसपाशी ठेवतं, कुणी फडताळात. ही चाळ आहे आणि हिच्यात तीन बिऱ्हाडं आहेत. सुखानं नांदायची तर मधल्या भिंती पक्क्या हव्यात." मग खडू खाली ठेवून, "आणि भिंत हलवायची वेळ आली तर आधी आत कोण राहतंय ते बघायचं."

आम्ही हसायचो. तेही हसायचे.

सरांना जाऊन तीन वर्षं झाली. यंदा मार्चच्या सुरुवातीला काकूंचा फोन आला.

"सोनल, अगं ह्यांचं ते मशीन अजून चालूच आहे. पुण्याची एक संस्था पक्ष्यांची रेकॉर्डिंग मागतेय. आमचा मिहिर म्हणतो, ते काम झालं की घर विकायचं आणि मी बंगळूरला जायचं. तूच ये बाई. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी."

बुधवारी माझं दुकान बंद असतं. मी गेले.

२

निवृत्तीनंतर सर भिगवणला राहायला गेले होते. जुन्या रस्त्याला स्लॅबचं बैठं घर, मागच्या व्हरांड्यातून उजनीचं पाणी दिसतं. त्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, आणि सरांनी वीस वर्षं त्यांचे आवाज गोळा केले. सगळे आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर होते.

खोली होती तशीच होती. टेबल, पुस्तकांनी भरलेलं कपाट, टेबलामागच्या भिंतीवर कॅलेंडर. सर्व्हरचा पंखा एका लयीत घुमत होता. इन्व्हर्टरमुळे तो तीन वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता. काकू रोज त्याच्यावरची धूळ पुसायच्या.

दोन टीबीची डिस्क. सरांनी शिकवल्याप्रमाणेच भाग पाडलेले. पहिला विंडोजचा, त्यावर आवाज कापायचं जुनं सॉफ्टवेअर. दुसरा लिनक्सचा, त्यावर यादी. तिसरा दोघांनाही वाचता येईल असा, त्यात रेकॉर्डिंग. सगळ्यात शेवटी अकरा जीबीची एक जागा होती, नाव नसलेली. फाईल सिस्टिमच्या रकान्यात 'अनोळखी'.

सर असं काही अर्धवट सोडणारे नव्हते. पण कधीतरी घाई झाली असेल. मी वहीत आकडे लिहिले आणि एक रेकॉर्डिंग लावून पाहिलं.

आधी एक टाळी. मग सरांचा आवाज.

"भिगवण, रेल्वे पुलाजवळ. सहा डिसेंबर दोन हजार नऊ. सकाळचे सात. हजर, गोकुळ आणि मी."

आणि मग पाणी, वल्हं, आणि शेकडो रोहित पक्ष्यांचा कलकलाट.

प्रत्येक रेकॉर्डिंगची सुरुवात अशीच होती. टाळी, जागा, तारीख, हजर माणसं. टाळी कशासाठी ते मला माहीत होतं. ती किती वेळानं परत येते त्यावरून जागा किती मोठी ते कळतं, असं सर सांगायचे.

काकू जायफळ घातलेली कॉफी घेऊन आल्या आणि स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकू लागल्या.

"वीस वर्षं पहाटे उठून जायचे," त्या म्हणाल्या. "पण घरातलं काही नाही गं. माझा आवाज एकदासुद्धा धरला नाही ह्यांनी. एकदा म्हटलं तर म्हणाले, तू काय कुठं उडून जाणार आहेस?"

त्या हसल्या. मी कॉफी प्यायले. कॉपी सुरू करून संध्याकाळच्या आत घरी आले.

३

पुढच्या बुधवारी गेले तेव्हा शेवटची जागा चौदा जीबी झाली होती.

मी वही काढली. बाकीचे तीन भाग एका बाइटनंही कमी झाले नव्हते. चारही आकड्यांची बेरीज केली तर ती डिस्कपेक्षा तीन जीबी जास्त भरली.

असं होत नाही. दोन टीबीच्या डिस्कमध्ये दोन टीबीच मावतं. मी स्वतःला समजावलं की कंपन्या हजारानं मोजतात, मशीन एक हजार चोवीसनं, आपलीच गल्लत झाली. पुन्हा मोजलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं मोजलं. तीन जीबी जास्तच.

मग पुसलेल्या फायली शोधायचं सॉफ्टवेअर त्या जागेवर चालवलं. अर्ध्या तासानं एक फाईल सापडली. आवाजाची. काकू स्वयंपाकघरात होत्या. मी आवाज लहान केला आणि ती लावली.

टाळी.

"भिगवण, घर, आतली खोली. पाच मार्च. दुपारचे साडेतीन. हजर, प्रमोदिनी आणि सोनल."

नंतर कपबशीचा आवाज. मग काकूंचा. *वीस वर्षं पहाटे उठून जायचे. पण घरातलं काही नाही गं.*

मी पुढं ऐकलं नाही. उठून सर्व्हरच्या मागं पाहिलं. माइक लावलेला नव्हता. सरांचा रेकॉर्डर कपाटात होता, आतल्या सेलांना पांढरं फुटून तो कायमचा बंद पडलेला. हल्ली कुणाचाही आवाज मशीनवर तयार करता येतो, हे मला माहीत होतं. मिहिर बंगळूरला त्याच क्षेत्रात आहे. व्हरांड्यात जाऊन मी त्याला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, इथल्या मशीनमध्ये तू बाहेरून शिरतोस का?

"त्या मशीनला इंटरनेटच नाहीये, सोनलताई," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर मीच तोडलं. का?"

"काही नाही रे. सहज."

एक गोष्ट राहिली होती. ती मला करायची नव्हती, तरी केली. खोलीच्या मध्यभागी उभी राहून मी टाळी वाजवली. कपाटभर पुस्तकं, गादी, पडदे. टाळी जागच्या जागी विझली.

मग फाईलमधली टाळी पुन्हा ऐकली. ती परत यायला वेळ लागत होता. कानावर विश्वास बसेना म्हणून पडद्यावर तिची रेघ काढून मोजलं. ती टाळी ज्या खोलीत वाजली होती ती निदान आगगाडीच्या फलाटाएवढी लांब होती. आणि रिकामी.

४

काकूंना काही सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण वळून पाहिलं तर त्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक लागलेली.

"हा तर आपला त्या दिवशीचा कॉफीचा आवाज," त्या म्हणाल्या.

"काकू, काहीतरी गडबड आहे. मी बघते."

"गडबड कसली? घेतलं म्हणजे ह्यांनी घरातलं." त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला होता. "अजून आहे का गं?"

अजून होतं. त्या बुधवारी आणि पुढच्या दोन बुधवारांत मिळून मला एकवीस फायली सापडल्या. जवळजवळ रोजची एक. टाळी, 'भिगवण, घर, आतली खोली', तारीख, वेळ दुपारचे साडेतीन. 'हजर, प्रमोदिनी.' मग कुकरच्या शिट्ट्या, त्यांच्या सपातांची फरफर, दूरवरून जाणाऱ्या गाडीचा भोंगा. त्या काहीतरी गुणगुणत असायच्या. मी येईन तेव्हा त्या स्टूल ओढून बसायच्या आणि आपलेच दिवस ऐकायच्या. मी त्यांना इतकं खूश सर गेल्यापासून पाहिलं नव्हतं, आणि म्हणून गप्प बसले.

पंचवीस मार्चच्या फाईलमध्ये त्या कुणाशी तरी बोलत होत्या.

"हो," त्या म्हणत होत्या. मग थोडा वेळ शांतता. "अहो, पण दूध उतरवू तरी द्या." पुन्हा शांतता. "येते. सांगितलं ना, येते."

"हे कुणाशी बोलत होतात, काकू?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या. "मी? मंगळवारी तर दिवसभर कुणीच आलं नव्हतं. मी एकटी कशी बोलेन?"

ती फाईल मध्येच तुटली होती. जागा संपली की तुटते तशी. काकूंच्याही ते लक्षात आलं.

"जागा कमी पडतेय का गं त्यांना?"

मी नवी चार टीबीची डिस्क आणली होती. बेत असा की तिच्यावर तीन भाग हलवायचे, तिसरा मोठा करायचा आणि जुनी डिस्क बाजूला ठेवायची. चौथ्याचं नावही काढणार नव्हते मी.

"नवीवर थोडी ठेव की त्यांच्यासाठी," काकू म्हणाल्या. "मी काय मागते गं तुझ्याकडं? चार दिवसांनी मिहिर नेईलच मला."

मी नाही म्हणायला हवं होतं. माझं शिक्षण, माझी वीस वर्षांची कामाची सवय, सगळं नाही म्हणत होतं. पण त्यांच्या साड्या पांघरलेल्या मशीनवर मी टाइप करायला शिकले होते. मी तीन भाग हलवले. नंतर तिसऱ्याची सीमा अलीकडं ओढली आणि शेवटी शंभर जीबीची जागा मोकळी सोडली. जुन्या डिस्कवरचे ते चौदा जीबी जसेच्या तसे उचलून तिच्यात ठेवले. आत कोण राहतंय ते मी बघितलं नाही.

५

दोन एप्रिलला निघताना फाटकापाशी गोकुळ भेटला. सरांना वीस वर्षं होडीतून नेणारा हाच. आता साठीचा आहे. काकूंना बाजारहाट आणून देतो. लिंबांची पिशवी घेऊन तो उभा होता.

"ताई, तुमी कालबी आलावता का?"

"नाही. मी बुधवारीच येते."

"मग काकू कुणासंगट बोलत्यात?" त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "दुपारच्याला मी येतो. हाक मारली तर वो देत न्हाईत. आत बोलणं चालू असतंय. मला वाटलं तुमी हाय."

"दुसऱ्या कुणाचा आवाज येतो?"

"न्हाय. काकूंचाच. पन..." तो घराकडं पाहत थांबला. "सरांच्या त्या खोलीत म्या लई येळा बसलोय. तितं आवाज घुमत न्हाय. आता घुमतोय. धरणाच्या बोगद्यात बोलल्यावानी."

"घर जुनं झालंय, गोकुळमामा."

"व्हय. तसंच आसंल." त्याला ते पटलं नव्हतं आणि मलाही. "त्यास्नी लेकाकडं धाडा ताई. लवकर धाडा."

६

नऊ एप्रिल. काम संपत आलं होतं. संस्थेसाठीची प्रत तयार होती, फक्त एकदा तपासायची बाकी होती. ऊन तापलं होतं, मागचं पाणी आटून लांब गेलं होतं. काकू व्हरांड्यात पापड वाळत घालत होत्या.

चौथ्या जागेत एक नवी फाईल होती. मी हेडफोन लावले.

टाळी. परत यायला तिला इतका वेळ लागला की ती येणारच नाही असं वाटलं.

"घर, आतली खोली. बारा एप्रिल. दुपारचे साडेतीन. हजर, प्रमोदिनी."

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग मोबाईल पाहिला. नऊ तारीखच होती.

या वेळी सरांनी 'भिगवण' म्हटलं नव्हतं.

फाईलमध्ये सपातांचा आवाज होता. तो माझ्यापासून दूर जात होता, जात होता, त्या घरात चालता येईल त्याहून किती तरी लांब. मग काकूंचा आवाज, खूप अंतरावरून, आनंदी.

"केवढी मोठी आहे हो ही! आणि तुम्ही म्हणायचात, जागा नाही."

उत्तर ऐकू आलं नाही. पण त्या हसल्या. म्हणजे ते आलं होतं.

मी व्हरांड्यात गेले. काकू एकेक पापड उलटत होत्या. "झालं का काम?" त्यांनी वर न पाहताच विचारलं.

"होत आलंय," मी म्हटलं, आणि फाटकाबाहेर जाऊन मिहिरला फोन लावला. खरं कारण सांगता येईना. काकूंची तब्येत मला बरी वाटत नाही, एकट्याच बोलतात, शनिवारी ये आणि त्यांना घेऊनच जा, एवढं म्हटलं.

"ती येणार नाही, सोनलताई. तीन वर्षं विनवतोय मी."

"तू ये. आपण दोघं बोलू. पण शनिवारीच. दुपारच्या आत."

७

शनिवारी मी दुकान बंद ठेवून सकाळीच गेले. सर्व्हर बंद करून टाकावा असं दहा वेळा मनात आलं. पण चालू जागेवर लिहिणं चाललेलं असताना मशीन बंद करू नये, आतलं कायमचं बिघडतं, हे मीच सगळ्यांना सांगत असते. मी बटणाला हात लावला नाही.

मिहिर अकराला पोचला. जेवणं झाली. काकूंनी आंब्याच्या रंगाची साडी नेसली होती. बंगळूरचा विषय निघताच त्यांनी नेहमीसारखी मान हलवली. "माझं इथं बरं चाललंय रे."

सव्वातीनला त्या चहा टाकायला उठल्या. मी सोबत जायला निघाले, तर "बस गं, तुझं काय काम आत?" म्हणून त्यांनी मला बसवलं. मिहिरला ऑफिसचा फोन आला आणि तो व्हरांड्यात गेला. स्वयंपाकघरातून स्टोव्हचा, भांड्यांचा आवाज येत होता. मी घड्याळाकडं पाहत बसले होते. त्या स्वयंपाकघरात आहेत तोवर ठीक आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

आतल्या खोलीत टाळी वाजली.

मी उठून दारापर्यंत गेले. टेबल होतं. सर्व्हरचा हिरवा दिवा होता. टेबलामागं कॅलेंडर नव्हतं, आणि भिंतही नव्हती. घरभर जी करड्या ठिपक्यांची फरशी आहे, तीच फरशी टेबलाखालून पुढं गेली होती, सरळ, लांबवर. तिच्यावर खिडक्यांची उन्हं पडली होती, एकामागं एक, मोजता येणार नाहीत इतकी. उन्हातून काकू चालत चालल्या होत्या. पाठमोऱ्या. आंब्याच्या रंगाची साडी. गुडघे धरल्यापासून त्या अशा भरभर कधी चालल्या नव्हत्या. त्यांच्या अर्धं पाऊल पुढं आणखी कुणी तरी होतं. त्याच्याकडं मी पाहिलं नाही. मान तिकडं वळेचना.

"बाजूला होता का जरा?"

मी दचकून मागं वळले. काकू माझ्या मागं उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे, अंगावर तीच साडी.

मी बाजूला झाले. त्यांनी ट्रे सरांच्या टेबलावर ठेवला. टेबलामागं भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं. मिहिर फोन संपवून आत आला, तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "बॅग भरायची ना? चल. मी तयार आहे."

मिहिरचे डोळे भरून आले. त्यानं आईला जवळ घेतलं आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहून मान हलवली, आभार मानल्यासारखी.

काकूंनीही माझ्याकडं पाहिलं. पाहुण्याकडं बघून हसतात तसं हसून म्हणाल्या, "तुम्ही थांबणार ना चहाला?"

चोवीस वर्षांत त्यांनी मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

८

घर विकलं गेलं. पक्ष्यांची रेकॉर्डिंग संस्थेकडं पोचली. सर्व्हर माझ्या दुकानात आला. मिहिर म्हणाला, "तुम्हाला उपयोगी पडत असेल तर घ्या, नाहीतर पुसून टाका." मी तीन भाग पुसले. चौथ्यावर बोट नेलं आणि मागं घेतलं, असं किती वेळा झालं ते सांगत नाही.

मिहिर मधूनमधून फोन करायचा. आईची तब्येत उत्तम आहे. नातीबरोबर बागेत जाते, वेळेवर जेवते, कशाचाच हट्ट धरत नाही. फक्त भिगवणचं काही आठवत नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, वयोमानानं होतं. मी एकदा तिच्याशी बोलले. "छान, छान, या कधीतरी," असं ती अतिशय गोड आवाजात म्हणाली.

ऑगस्टमध्ये डिस्क खराब होऊ लागल्याची सूचना आली. डिस्क पाच महिन्यांची होती. खराबी फक्त चौथ्या जागेत होती, आणि सुरुवातीपासून ओळीनं पुढं सरकत होती. तिथलं सगळं दुसऱ्या डिस्कवर हलवायचं, नाहीतर दोन-तीन आठवड्यांत ते संपणार होतं.

संपू द्यावं, असं मी ठरवलं. चार दिवस त्या ठरवण्यावर टिकले. पाचव्या दिवशी, बुधवारी, दुकानाचं शटर खाली ओढून भर दुपारी हेडफोन लावले. आता फायली वगैरे राहिल्या नव्हत्या. नुसता सलग आवाज होता. दूरवर सपाता वाजत होत्या. मग त्या जवळ आल्या.

"अगं, आलीस का?" काकू म्हणाल्या. "बघ ना, इथं कसं छान ऊन येतं."

मी रडले. मग डोळे पुसून नवी डिस्क जोडली.

शंभर जीबी होते, तेवढेच द्यायचे. मी सीमेची रेघ शंभरावर आणून ठेवली. हेडफोन गळ्यात लोंबत होते, त्यातून आवाज आला. अगदी हळू, एकच शब्द.

"अजून."

तो आवाज काकूंचा नव्हता. सरांचाही नव्हता.

मी रेघ जिथं होती तिथंच ठेवली. एक जीबीही वाढवला नाही. एक वाजता हलवायला सुरुवात केली आणि पाच वाजेपर्यंत खुर्चीवरून उठले नाही. काकू आत होत्या. त्यांना तिथं तसंच सोडणं मला जमलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मिहिरचा फोन आला. त्याचा श्वास लागला होता.

"सोनलताई, फार घाबरलो होतो. दुपारी एकपासून आई उठतच नव्हती. श्वास चालू, नाडी चालू, पण हाकेला ओ नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, आपोआप उठून बसली. पाणी मागितलं."

"बरी आहे ना आता?"



"बरी आहे," तो म्हणाला. "मी पाणी दिलं. प्यायली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, आपण कोण?"

समोर पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं: काम पूर्ण झालं, एकही चूक नाही. खाली नव्या डिस्कवरची चौथी जागा दिसत होती. मी दिली होती शंभर. तिथं एकशे बारा लिहिलेले होते.